प्रेक्षक : एक

आमच्या घरात भूत आणलं ते माझ्या लेकीनं, आणि तेही माझा वेळ बरा जावा म्हणून.

नागपुरात तेव्हा ऊनबंदी चांगली अंगवळणी पडली होती. मे लागला की सकाळी दहाला भोंगा व्हायचा, आणि संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत कोणी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. पारा पन्नाशीला टेकायला लागल्यावर केलेला नियम होता, शहाणपणाचा होता, माझी त्याबद्दल तक्रार नाही. फक्त एवढा वेळ एकाच नवऱ्याबरोबर कोंडून घ्यायचं म्हणजे काय, हे नियम करणाऱ्यांनी आम्हा बायकांना विचारायला हवं होतं.

आमचे हे, म्हणजे मधुकर डेहनकर, जेवले की आतल्या खोलीत जायचे, डोळ्यांवर पडद्याचा चष्मा चढवायचे आणि जुने क्रिकेटचे सामने बघत लोळायचे. मी हॉलमध्ये कूलरसमोर दिवाणावर. समोर टीव्ही. बघण्यासारखं लाखभर आणि मनाला लागेना एक. मग मी पुण्याला लेकीला, ऋजूला, फोन लावायची. काय बघू ग? ती बिचारी काम सोडून काहीतरी सुचवायची, मी दोन भाग बघून पुन्हा फोन करायची की हे काही माझ्या पसंतीस उतरलं नाही.

शेवटी ती कंटाळली आणि तिनं मर्जी पाठवली.

मर्जी म्हणजे काडेपेटीएवढी डबी. टीव्हीवर चिकटवायची आणि विसरून जायचं. ऋजूनं मला ती कशी चालते ते फोनवर समजावून सांगितलं, आणि मी शिकलेली बाई असल्यामुळे ते मला कळलं.

आपलं हृदय एकदा धडकलं की छातीची कातडी केसाएवढी पुढे येते आणि मागे जाते. आपल्याला ते दिसत नाही, पण मर्जी अगदी मंद रेडिओलहरी सोडते, त्या आपल्या अंगावर आपटून परत येतात, आणि परत येताना त्या केसाएवढ्या हालचालीचा निरोप घेऊन येतात. श्वासाचंही तसंच. कपडे आड आले, उशी आड आली, तरी त्या लहरींना फरक पडत नाही. आता माणूस कंटाळला की त्याचा श्वास एका तऱ्हेनं चालतो, पुढे काय होणार म्हणून जीव टांगला की दुसऱ्या तऱ्हेनं, आणि हसू फुटायच्या आधी तो क्षणभर थांबतोच. तोंडानं माणूस काहीही सांगेल, छाती खोटं सांगत नाही. मर्जी आठवडाभर तुमची छाती वाचते, मग जगातल्या झाडून सगळ्या मालिका धुंडाळते आणि तुमचं मन रमेल अशी एक काढून समोर ठेवते.

"म्हणजे आता तू मला फोन नको करू," ऋजू म्हणाली. "मर्जी तुला माझ्यापेक्षा जास्त ओळखेल."

तिनं हे आनंदानं सांगितलं. मला जरा लागलंच.

आमच्या कॉलनीत तोवर बहुतेकांकडे मर्जी आली होती. ज्याची त्याची मर्जी, ज्याचा त्याचा पडदा. सगळे खूश होते. पूर्वी संध्याकाळचा भोंगा झाला की बायका फाटकापाशी जमायच्या आणि "तू काय बघून राहिली सध्या?" इथून गप्पांना सुरुवात व्हायची. आता कोणी कोणाला विचारेना. विचारून उपयोग काय, तिचं मला आवडणार नाही हे मर्जीनं आधीच ठरवून टाकलेलं. मर्जीनं लोकांचा कंटाळा खाल्ला आणि त्याबरोबर गप्पाही खाल्ल्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्या दिवशी डबी टीव्हीवर लावली, दिवाणावर बसले, आणि पडद्यावर अक्षरं आली: प्रेक्षक, एक. आठवडा गेला. मर्जीनं माझ्यासाठी पहिली निवड केली, आणि ती होती भुताची.

मला भुतांचा तिटकारा आहे. मला आवडतात स्वयंपाकाच्या स्पर्धा. कोणाचा केक बसला, कोणाचा रस्सा फुटला, हे मी तासन् तास बघू शकते. मी मर्जीला शिव्या घातल्या. तिनं दुसऱ्या दिवशी केकची स्पर्धा दाखवली, तिसऱ्या दिवशी पुन्हा स्मशान. त्यात आणखी एक खोड. मी दिवाणावर बसले तरी ती लगेच सुरू व्हायची नाही. "जरा थांबा" अशी अक्षरं लावून ठेवायची. कधी दोन मिनिटं, कधी दहा. मी म्हणायची, नेट खराब असेल.

आणि मग एके दुपारी तिनं ती मालिका काढली.

पोर्तुगालमधल्या कुठल्याशा मासेमारीच्या गावात एक खानावळ. तिथली खाष्ट स्वयंपाकीण मरते, पण तिचा जीव रश्शात अडकलेला. नवा आचारी येतो, आणि त्यानं मीठ जास्त टाकलं की भूत झाकणं आपटतं, कांदा कच्चा ठेवला की दिवे घालवतं. संवाद यंत्रानंच मराठीत केलेले. पहिल्याच भागात मी इतकी हसले की आमचे हे चष्मा काढून बाहेर आले आणि मला काय झालंय ते बघून परत गेले.

त्या दिवसापासून दुपार कधी होते असं मला व्हायला लागलं. मालिका चांगली होतीच, पण त्याहून वेगळं काहीतरी होतं. बघताना एकटं वाटायचं नाही. का, ते मला सांगता येत नव्हतं. आपण म्हातारे झालो, एवढीच मी समजूत काढली.

एका दुपारी मी कुकर लावून बसले होते. ऐन रंगात शिट्ट्या झाल्या म्हणून आत गेले, गॅस बंद केला, डाळ घोटली, आले. मालिका आपली चालूच. एरवी प्रेक्षक उठला की मर्जी मालिका थांबवते, ती तिची मोठी जाहिरात आहे. मी चिडून ऋजूला फोन लावला.

मर्जी दर भागानंतर मोबाइलवर एक आलेख पाठवते, कुठे हसलात, कुठे जीव टांगला त्याचा. ऋजूनं तो मागवून घेतला आणि पुन्हा पुन्हा मागेपुढे करून बघितला.

"आई, तू किचनमध्ये होती तेव्हाही तू हसली आहे."

"मी डाळ घोटत होते. डाळ घोटताना कोण हसतं?"

"तेच ना. आणि इथं बघ, एका ठोक्याच्या मागे आणखी एक ठोका आहे. सगळीकडे आहे." तिचा आवाज जरा घाबरा झाला. तिनं मला छातीवर मोबाइल धरायला लावला, तपासलं, आणि माझं हृदय एकच असून ठणठणीत आहे असं निघालं. मग ती पुन्हा आलेखाकडे वळली. "मर्जीला अंतर मोजता येतं, पण ढोबळ. हात-दीड हाताच्या आत दोन माणसं एकामागे एक बसली तर ती त्यांना एकच समजते. तुझ्या पाठीला लागून कोणीतरी बसतं, आई. दिवाणाच्या मागे काय आहे?"

दिवाणाच्या मागे भिंत होती.

आता या भिंतीबद्दल सांगायला हवं. आमचा हॉल एके काळी चांगला लांबलचक होता, दोन गल्ल्यांच्या मधोमध, दोन्ही टोकांना खिडक्या. त्यात आम्ही आणि माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ शरददादा, अशी दोन्ही बिऱ्हाडं एकत्र राहत होतो. चुली दोन, पण टीव्ही एकच होता. विश्वचषकाच्या शेवटच्या षटकात आमचे हे इतके ओरडले की दादांनी चिडून टीव्हीच बंद केला. जिंकल्याचे फटाके गल्लीतून ऐकू आले. यावरून दोन शहाण्या माणसांनी घराची वाटणी केली. लग्नसराईत गवंडी मिळेना, आणि राग तर थांबायला तयार नाही, म्हणून यांनी स्वतःच प्लायवूडचे तख्ते आणून हॉलच्या मध्ये ठोकले. पुढे पक्की भिंत बांधू म्हणाले. प्लायवूडच राहिलं, त्यावर आम्ही रंग दिला. आमचं दार पुढच्या गल्लीत राहिलं, त्यांचं मागच्या.

खिडकीत कूलर, कूलरशेजारी टीव्ही, आणि वारा तोंडावर यावा म्हणून समोर तख्त्याला टेकून दिवाण. नागपुरात उन्हाळ्यात घर असंच लावतात. पलीकडेही खिडकी दुसऱ्या टोकाला, म्हणजे पलीकडेही घर असंच लावलेलं असणार. आणि दोन्हीकडे कूलरची अशी घरघर की तख्त्याला कान लावला तरी पलीकडचं ऐकू येऊ नये.

पलीकडे माझी मोठी जाऊ राहत होती. कुंदाताई. दादा जाऊन चार वर्षं झाली होती, तेव्हापासून एकटीच.

भांडण भावांचं होतं, आमचं नव्हतं. त्याआधी आम्ही दोघी दुपारी भांडीकुंडी आवरली की एकाच दिवाणावर पाय वर घेऊन टीव्ही बघायचो. तिला भुताखेतांचं वेड. डोळ्यांवर पदर घेऊन पदराच्या फटीतून बघायची, आणि मला स्वयंपाकाचं हवं म्हणून आम्ही एक दिवस तिचं, एक दिवस माझं, अशी पाळी लावली होती. तख्ते ठोकल्यावर नवऱ्यांची तोंडं बघून आम्ही गप्प बसलो. दादा गेले तेव्हा मी तेरवीपर्यंत तिच्याकडे जात होते. त्यानंतर तिला वाटलं मी बोलवीन, मला वाटलं ती बोलवेल. बोलणं बंद नव्हतं, पण बोलणं नव्हतं.

"मग आजवर मला जे भूत दिसत होतं ते तिचं," मी ऋजूला म्हणाले.

"आणि मोठ्या आईकडेही मर्जी असणार. तिची तिकडून तुम्हा दोघींना वाचते. म्हणून तर तिनं भूत आणि रस्सा दोन्ही असलेली मालिका शोधली. आणि 'जरा थांबा' म्हणते ना, ती मोठ्या आईची वाट बघते. अर्धाच माणूस आलाय असं वाटत असेल तिला." ऋजू हसली, मग गंभीर झाली. "पण आई, हे बरं नाही. दुसऱ्याचं मन असं वाचू नये. मी कंपनीला कळवते, ते इथूनच दुरुस्त करतील. मग मर्जी फक्त तुला वाचेल."

लेक बरोबर बोलत होती. तरी मी म्हणाले, चार दिवस थांब.

त्या चार दिवसांत मी चोरी केली, आणि मला त्याची लाज वाटत नाही. मी रोज भाग संपला की आलेख घेऊन बसायची. माझा कुठला आणि तिचा कुठला हे मला आता ओळखता यायला लागलं होतं. भूत झाकण आपटायचं तिथे मी दचकायची, ती हसायची. आचाऱ्याचा रस्सा जमला तिथे मी हसायची, आणि ती चक्क रडायची. कुंदाताई रडते हे मला ठाऊक नव्हतं. दादा गेले तेव्हाही माझ्यासमोर तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जेवताना हे म्हणाले, "प्रणयचा फोन होता."

प्रणय म्हणजे कुंदाताईचा मुलगा, हैदराबादला असतो.

"वहिनीला घेऊन जाऊन राहिला तो. पावसाळ्याच्या आधी. तिकडचा अर्धा भाग भाड्यानं देणार म्हणे."

"कायमचं?"

"एकटी बाई, इतकं ऊन. इथं तिचं कोण आहे?"

मी यांच्याकडे बघितलं. यांनी मान खाली घालून भात कालवला.

दुपारच्या भागात त्या भुताला निरोप देण्याची वेळ आली होती. गावचा पाद्री म्हणतो, आता रस्सा जमला, आता हिनं जायला हवं. भूत खानावळीतल्या एकेका भांड्याला हात लावत फिरतं. मला ते फार आवडलं. भाग संपल्यावर आलेख बघितला तर मागचा ठोका असा काही झाला होता की मला बघवेना. श्वास अडकत अडकत चाललेला, शेवटपर्यंत. तिला जायचं नव्हतं. मुलानं प्रेमानं बोलावलं, नाही म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं, आणि जाऊ नको म्हणणारं कोणी नव्हतं. माझ्याशिवाय कोण म्हणणार होतं, आणि मी अर्ध्या इंच लाकडापलीकडे बसून तिचा आलेख वाचत होते.

मी उठले आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून तो डबा काढला.

झाकणाचा स्टीलचा डबा, त्यावर कोरलेलं नाव, सौ. कुंदा श. डेहनकर. भांडणाच्या दिवशी सकाळी तिनं त्यातून कैरीचा तक्कू दिला होता. तक्कू संपला, डबा राहिला. भांडं रिकामं परत करू नये ही आमच्या सासूबाईंची शिकवण, आणि त्या दिवसानंतर भरून न्यायला तोंड नव्हतं. म्हणून तो इतकी वर्षं फळीवर. दर दिवाळीला मी तो घासायची आणि परत ठेवायची.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून गोळाभात केला. डाळीचे गोळे, मोकळा भात, वर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. तिला तो फार आवडतो. डबा भरला, झाकण लावलं, आणि तोवर दहाचा भोंगा होऊन गेला होता. तिच्या दाराशी जायचं म्हणजे चौकातून वळसा घालून मागच्या गल्लीत, आणि बाहेर तर भट्टी पेटलेली. संध्याकाळपर्यंत थांबता आलं असतं. पण मी स्वतःला ओळखते, तोवर माझा धीर सुटला असता.

जेवणं झाल्यावर मी दिवाणावर बसले. पडद्यावर "जरा थांबा" आलं. मी थांबले. मग मालिका सुरू झाली, म्हणजे ती येऊन बसली होती. मी उठून टीव्ही बंद केला, आणि मग कूलर बंद केला.

मे महिन्यात भरदुपारी कूलर बंद करणं म्हणजे घरात अपशकुन. आमचे हे आतून धावत आले. "लाइन गेली का?"

मी बोट ओठांवर ठेवलं, आणि दिवाणावर गुडघे टेकून तख्त्यावर तीनदा वाजवलं.

काही नाही. मी पुन्हा वाजवलं. मग पलीकडची घरघर हळूहळू मंदावली आणि थांबली. इतकी शांतता त्या हॉलमध्ये मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती.

"काय व चारू," पलीकडून आवाज आला, अगदी कानाशी. "डबा आणला का माझा?"

मी डबा हातात घेतला.

"रिकामा तर नाही ना?"

"गोळाभात आहे," मी म्हणाले, आणि मला रडू आलं ते आलंच. "ताई, तुला कसं कळलं मी आहे?"

"कसं म्हणजे? पहिल्याच आठवड्यात कळलं. माझी मर्जी मला केक दाखवून राहिली, केक. प्रणय म्हणे शेजारचं कोणीतरी मिसळून राहिलं, दुरुस्त करतो. मी त्याला म्हटलं, खबरदार. तुझं हसू मी ओळखत नाही का? आधी श्वास ओढते, मग थांबते, मग फुटते. त्या मोबाइलवर जसंच्या तसं उमटतं."

"मग वाजवलं काहून नाही?"

"माझा डबा तुझ्याकडे होता," कुंदाताई म्हणाली. "पाळी तुझी होती."

हिशोबानं बाई बरोबर होती.

"पण तो डबा मला देशील कसा?" ती म्हणाली. "वरून तर फट नाही."

मी वळून यांच्याकडे बघितलं. हे घामानं निथळत तिथेच उभे होते. तसेच आत गेले. मला वाटलं, झालं, आता चष्मा लावून लोळणार. पण हे आले ते हातात पेचकस घेऊन. दिवाण बाजूला ओढला, तख्त्यासमोर मांडी घातली, आणि रंगाखालचा एकेक स्क्रू बोटानं चाचपून शोधायला लागले.

"वहिनी, जरा बाजूला सरा," हे म्हणाले. "मीच मारले होते, मीच काढतो." पहिलाच स्क्रू वाकडा निघाला. "दादा असता तर म्हणाला असता, मध्या, तेव्हाही वाकडेच मारले होते."

"ते रोज म्हणायचे," पलीकडून कुंदाताई म्हणाली. "रोज इथं बसून म्हणायचे. मध्याला साधा स्क्रू मारता येत नाही."

आमचे हे हसायला लागले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. मी यांना पाणी दिलं.

एक तख्ता निघाला. पलीकडे अगदी आमच्यासारखाच दिवाण, आणि त्याच्यापाशी कुंदाताई उभी, पिकलेले केस, हात पुढे. मी डबा दिला. तिनं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "तेल जरा कमी पडलं." खानावळीतल्या भुताची मला तेव्हा आठवण झाली, पण मी ते बोलले नाही.

"तू हैदराबादला जाऊ नको," मी म्हणाले. सकाळपासून कसं म्हणायचं याची मी जुळवाजुळव करत होते, आणि शेवटी असं सरळच तोंडातून गेलं.

"त्या मालिकेचे किती भाग आहेत अजून?"

"ऋजू म्हणते सहा पर्वं झाली, भूत काही जात नाही, आणि अजून काढून राहिले."

"मग मी कशी जाऊ?" तिनं डब्यातला एक गोळा तोंडात टाकला. "प्रणयला सांगते, मालिका संपली की बघू. तो बिचारा मी एकटी म्हणूनच बोलवत होता."

दुसऱ्या दिवशी यांनी आणखी दोन तख्ते काढले. आता हॉल लांबलचक झाला आहे, दोन्ही टोकांना दोन कूलर चालतात, आणि त्याच्या मधोमध एकच दिवाण आहे. दुसरा यांनी आपल्यासाठी खिडकीपाशी नेला, कारण भूत ही काही आपली आवड नाही असं हे म्हणतात आणि मग प्रत्येक भाग पूर्ण बघतात.

ऋजूचा फोन आला होता. कंपनीचा माणूस दुरुस्तीला तयार आहे, आता दोघींची नावं वेगळी नोंदवून घेऊ, म्हणजे गोंधळ होणार नाही. दोघी शेजारी बसल्या तर मर्जीला आता ओळखू येईल का, असं मी विचारलं. ती म्हणाली, यायला हवं, पण इतके दिवस तुमचे दोन ठोके मिळून एक माणूस असं ती शिकली आहे, शिकवलेलं पुसावं लागेल.

"राहू दे," मी म्हणाले.

मग मी जाऊन कुंदाताईशेजारी पाय वर घेऊन बसले. तिनं भूत यायच्या आधीच पदर डोळ्यांवर ओढून ठेवला होता. "जरा थांबा" आलं नाही. पडद्यावर लगेच अक्षरं उमटली: प्रेक्षक, एक.